चिमणीतून वर्षभरात काय आणि किती बाहेर पडलं? वीज केंद्रांचा रासायनिक हिशोब, सोप्या भाषेत

११ जुलै २०२५ ला केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाची एक अधिसूचना आली आणि देशातल्या बहुतेक कोळशाच्या वीज केंद्रांना 'एफजीडी' बसवण्यातून सूट मिळाली. एफजीडी म्हणजे धुरातला सल्फर डायऑक्साइड धुऊन काढणारी यंत्रणा. दिल्ली परिसर किंवा दहा लाखांवर वस्तीची शहरं यांच्यापासून १० किलोमीटरच्या आतली केंद्रं 'अ' गटात. त्यांना ३१ डिसेंबर २०२७ पर्यंत मुदत आहे. अतिप्रदूषित क्षेत्रांजवळची 'ब' गटात, त्यांचा निर्णय प्रकरण बघून. उरलेली सुमारे ७८ टक्के 'क' गटात. त्यांनी चिमणीच्या उंचीची अट पाळली की झालं.

यंत्रणा हवीच की खर्च परवडत नाही, यावर तेव्हापासून बरंच बोलून झालं. वाशीच्या खाडीपुलावरून ट्रॉम्बेच्या चिमण्या रोज बघणाऱ्यांना या वादात रस असणं साहजिकच आहे. पण त्यात एक साधा प्रश्न क्वचितच विचारला जातो: एखाद्या केंद्रानं गेल्या वर्षभरात नेमकं काय, किती किलो आणि कुठे सोडलं? हवेत किती, पाण्यात किती, राखेतून जमिनीत किती?

काही देशांत या प्रश्नाचं उत्तर कुणालाही घरबसल्या मिळतं. आपल्याकडे ते तुकड्यातुकड्यांत पडलेलं आहे. ते कसं जोडायचं आणि वाचताना कुठे फसायला होतं, ते पाहू.

## मर्यादा पाळली, म्हणजे किती सोडलं ते कळलं का?

नाही. आपले निकष सांद्रतेचे आहेत: एक घनमीटर धुरात किती मिलिग्रॅम. डिसेंबर २०१५ च्या निकषांनुसार २००४ ते २०१६ या काळात उभ्या राहिलेल्या संचांना (एक बॉयलर आणि त्यावर चालणारं जनित्र म्हणजे एक संच) धूलिकणांची मर्यादा ५० मिलिग्रॅम आहे, २०१७ पासूनच्या संचांना ३०. आकडा मर्यादेच्या आत असला की अहवालात 'निकषांचे पालन होत आहे' असं वाक्य येतं आणि फाइल बंद होते.

समजा ५०० मेगावॅटचा एक संच पूर्ण क्षमतेनं चालला आहे. त्याच्या चिमणीतून तासाला साधारण २० लाख घनमीटर धूर जातो. प्रत्येक घनमीटरमध्ये ५० मिलिग्रॅम, म्हणजे काटेकोर मर्यादेवर. तासाला १०० किलो धूळ, दिवसाला २.४ टन. नियम मोडलेला नाही, तरीही वर्षाचे आठशेच्या आसपास टन झाले. शेजारी असाच दुसरा संच उभा राहिला तर सांद्रता तेवढीच राहील, टन दुप्पट होतील आणि दोन्ही संच 'मर्यादेत' असतील.

सोसायटीच्या वार्षिक सभेत सेक्रेटरीनं 'वर्षभरात आपला एकही चेक परत आला नाही' एवढंच सांगून खाली बसावं, तसं हे आहे. चेक परत आला नाही हे चांगलंच आहे हो, पण जमाखर्च कुठे आहे? किती आले, कशावर गेले, शिल्लक किती? तो कागद हातात असल्याशिवाय सभासद नीट प्रश्नसुद्धा विचारू शकत नाही.

सांद्रतेच्या आकड्याला आणखी एक खोड आहे. बॉयलरनंतरच्या डक्टमध्ये कुठे फट असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते, धूर पातळ होतो आणि मिलिग्रॅमचा आकडा आपोआप खाली येतो. धूळ मात्र तेवढीच. म्हणून कोळशाच्या चिमणीचा आकडा ६ टक्के ऑक्सिजनला 'सामान्य' करून द्यावा लागतो. कुठलाही अहवाल हातात आला की ही दुरुस्ती केलीय का, हे आधी बघावं. मोजलेला ऑक्सिजन ९ टक्के असेल आणि दुरुस्ती नसेल, तर ४५ दिसणारा आकडा खरा ५६ च्या पुढे असतो.

## भोपाळ आपलं, यादी अमेरिकेची

२ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री भोपाळमध्ये मिथाइल आयसोसायनेट सुटला. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १९८५ मध्ये, त्याच कंपनीच्या अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनियामधल्या कारखान्यातून विषारी गळती झाली आणि शंभरावर लोकांना रुग्णालयात न्यावं लागलं. आपल्या शेजारच्या कारखान्यात काय साठवलंय, हे तिथल्याही रहिवाशांना ठाऊक नव्हतं. १९८६ मध्ये अमेरिकेनं आणीबाणीचं नियोजन आणि वस्तीचा माहितीचा हक्क यासाठी कायदा केला. त्याच्या ३१३ व्या कलमातून 'टॉक्सिक्स रिलीज इन्व्हेंटरी' जन्माला आली. विषारी पदार्थांच्या विसर्गाची ही सार्वजनिक नोंदवही. यापुढे तिला फक्त नोंदवही म्हणू.

आपला पर्यावरण संरक्षण कायदाही १९८६ चाच, आणि त्यामागेही भोपाळच. पण आपण परवानग्या आणि मर्यादांचा रस्ता धरला. वस्तीला दरवर्षी किलोत हिशोब द्यायचा, हा भाग आपल्या कायद्यात आलाच नाही. आपल्या माणसांच्या जिवावर शिकलेला धडा दुसऱ्यांनी जास्त नीट लिहून घेतला, असं म्हणावं लागतं.

अमेरिकन नोंदवहीचा पहिला हिशोब १९८७ या वर्षाचा. तेव्हा फक्त उत्पादन करणारे कारखाने त्यात होते, वीज केंद्रं नव्हती. १९९७ च्या नियमानं काही नवे उद्योग जोडले गेले. त्यात विक्रीसाठी वीज बनवायला कोळसा किंवा तेल जाळणारी केंद्रं आली. त्यांचा पहिला हिशोब १९९८ चा. तो २००० साली लोकांसमोर आला, तेव्हा या एका क्षेत्राचा आकडा सुमारे ११० कोटी पौंड निघाला, म्हणजे ५ लाख टन. देशाच्या एकूण नोंदीच्या जवळपास १५ टक्के. केंद्रांनी त्या वर्षी अचानक जास्त सोडलं होतं असं नाही. तोवर कुणी लिहून घेतलं नव्हतं, इतकंच.

नियम थोडक्यात असा: दहा किंवा अधिक पूर्णवेळ कामगार, यादीतला एखादा पदार्थ वर्षात २५ हजार पौंडांहून, म्हणजे सुमारे ११,३४० किलोहून जास्त तयार किंवा प्रक्रिया केला, किंवा १० हजार पौंडांहून, म्हणजे सुमारे ४,५४० किलोहून जास्त इतर कामासाठी वापरला, तर त्या पदार्थाचा अर्ज भरायचा. मागच्या वर्षाचा हिशोब १ जुलैपर्यंत. पारा, शिसं यांसारख्या साचून राहणाऱ्या विषांसाठी उंबरठा फार खाली आहे: पारा १० पौंड, शिसं १०० पौंड.

## केंद्र तर वीज बनवतं, रसायन कुठे 'तयार' करतं?

ही या विषयातली सगळ्यात गोंधळाची जागा, म्हणून इथे थोडं थांबू.

कोळसा म्हणजे नुसता कार्बन नाही. त्यात बेरियम, मँगनीज, क्रोमियम, निकेल, आर्सेनिक, शिसं, पारा हे सगळं सूक्ष्म प्रमाणात असतं. क्लोरीन आणि फ्लोरीनही असतात. भट्टीत हजाराहून जास्त अंशांवर यातल्या बहुतेक धातूंची ऑक्साइडं होतात, क्लोरीनचं हायड्रोक्लोरिक आम्ल होतं, फ्लोरीनचं हायड्रोजन फ्लोराइड. कायद्याच्या भाषेत हे 'उत्पादन'च. हेतू असो वा नसो, नवं संयुग तयार झालं की ते मोजायचं. अमेरिकेतल्या कोळसा केंद्रांच्या हवेतल्या नोंदींमध्ये पहिल्या वर्षांत सगळ्यात मोठा आकडा हायड्रोक्लोरिक आम्लाचा होता. त्याचं नावसुद्धा सामान्य वाचकानं वीज केंद्राच्या संदर्भात ऐकलेलं नव्हतं.

आता आपला काल्पनिक ५०० मेगावॅटचा संच पुन्हा घेऊ. भारतीय कोळशावर एका युनिट विजेला साधारण ६५० ग्रॅम कोळसा लागतो. म्हणजे तासाला ३२५ टन, दिवसाला ७,८०० टन. देखभालीचे दिवस वगळून वर्षाला २४-२५ लाख टन. एका टनात १०० ग्रॅम बेरियम धरला तर वर्षाला २५० टन बेरियम या संचातून फिरला. ११ टनांचा उंबरठा पहिल्या पंधरा दिवसांतच मागे पडतो.

पाऱ्याचं गणित उलट बाजूनं शिकवणारं आहे. टनात ०.१ ग्रॅम पारा धरा. वर्षाचा पारा २५० किलोच्या आसपास. १९९८ आणि १९९९ या वर्षांत पाऱ्याला खास उंबरठा नव्हता. २५ हजार पौंडांचा आकडा गाठायला अशा कोळशाचे ११ कोटी टन जाळावे लागले असते. एवढा कोळसा कुठलंच एक केंद्र वर्षात जाळत नाही. २००० पासून उंबरठा १० पौंडांवर आला. तो आपला संच साधारण सहा दिवसांत ओलांडतो. म्हणून त्या वर्षीपासून पारा नोंदवहीत दिसू लागला. दोन वर्षांचे आकडे शेजारी ठेवून 'पारा वाढला' असं कुणी म्हणालं, तर ते उंबरठ्याचं काम होतं, चिमणीचं नव्हे.

## एका रकान्यातून काढलं, दुसऱ्यात गेलं

नोंदवहीचा खरा उपयोग तिच्या रकान्यांत आहे. प्रत्येक पदार्थासाठी वेगवेगळं लिहायचं: चिमणीतून हवेत, गळतीतून हवेत, पाण्यात (कुठल्या नदीत किंवा खाडीत ते नावासकट), जागेवरच्या राखेच्या तळ्यात किंवा भरावात, आणि बाहेर पाठवलेलं कुठे गेलं ते.

हे का लागतं, ते राखेवरून कळेल. भारतीय कोळशात राख ३० ते ४५ टक्के. ३५ धरली तर आपल्या संचाची रोजची राख २,७३० टन. त्यातली पाचवा हिस्सा जड राख भट्टीच्या तळाशी पडते, बाकी २,१८० टन उडणारी राख धुराबरोबर पुढे निघते. तिला ईएसपी अडवते. यात विद्युतभारित पट्ट्या राख ओढून घेतात, ठरावीक वेळानं हातोड्यांनी पट्ट्या ठोकल्या जातात आणि राख खालच्या हॉपरमध्ये पडते. कार्यक्षमता ९९.९ टक्के असेल तर रोज २.२ टन निसटते. पट्ट्यांच्या एखाद्या विभागाचा वीजपुरवठा तुटला, हॉपर वेळेत रिकामा झाला नाही, आणि कार्यक्षमता ९९.५ वर आली, तर ऐकायला फरक ०.४ टक्क्यांचाच. पण निसटणारी राख ११ टनांवर जाते, पाचपट. कमी गंधकाच्या कोळशाची राख विजेला जास्त विरोध करते, पट्ट्यांवर नीट पकडली जात नाही. मग धुरात अमोनिया सोडून ती वळणावर आणावी लागते. संच थंडावस्थेतून सुरू करताना आधी तेल जाळतात. न जळलेलं तेल पट्ट्यांवर बसून आग लागू नये म्हणून त्या वेळी ईएसपी सहसा बंद असते. चिमणीतून अधूनमधून दिसणारा काळा लोट बऱ्याचदा यातलाच असतो.

ट्रॉम्बेला येणारा कोळसा बाहेरून आयात होतो आणि त्यात राख कितीतरी कमी असते. तेव्हा वरचे टन जसेच्या तसे तिकडे लावू नयेत. पद्धत तीच, आकडे त्या कोळशाचे घ्यावेत.

तर ९९.९ टक्के राख अडली, म्हणजे त्यातला आर्सेनिक, शिसं नाहीसं झालं का? नाही. ते हवेच्या रकान्यातून जमिनीच्या रकान्यात गेलं. तळ्याचं अस्तर फाटलं, पावसाळ्यात बांध ओलांडून पाणी वाहिलं, उन्हाळ्यात वरचा थर सुकून उडाला, तर तिथून पुढचा प्रवास सुरू होतो.

पारा याहून चलाख. भट्टीत तो वाफ होतो. त्याचा काही भाग राखेच्या कणांना चिकटतो, तो ईएसपीत सापडतो. काही भाग क्लोरीनशी जोडला जातो. हे संयुग पाण्यात विरघळतं, म्हणून ओल्या एफजीडीत अडकतं. उरलेला मूलद्रव्य पारा ना चिकटतो ना विरघळतो, तो चिमणीतून थेट बाहेर. म्हणजे एफजीडी गंधकासाठी बसवली तरी पाऱ्याचा एक हिस्सा तिच्यात उतरतो, आणि तिच्या सांडपाण्यात किंवा जिप्सममध्ये जातो.

किनाऱ्यावर हा प्रश्न आणखी जवळचा होतो. ट्रॉम्बे आणि डहाणू इथल्या एफजीडी समुद्राच्या पाण्यावर चालतात. समुद्राच्या पाण्यातला बायकार्बोनेट सल्फर डायऑक्साइडचं आम्ल मारतो. मग त्या पाण्यात जोरात हवा सोडतात, सल्फाइटचं सल्फेट होतं, आणि पाणी परत समुद्रात जातं. सल्फेट समुद्रात आधीपासूनच भरपूर आहे, त्यामुळे पद्धत मुळात चांगली आहे. पण हवा सोडण्याचं काम अर्धवट झालं तर बाहेर पडणाऱ्या पाण्याचा सामू आणि विरघळलेला ऑक्सिजन दोन्ही खाली राहतात. म्हणून अशा केंद्राचा नुसता हवेचा अहवाल बघून समाधान मानू नये. सोडलेल्या पाण्याचा सामू, ऑक्सिजन आणि धातू यांचा अहवाल सोबत हवाच.

## तेलावर चालणाऱ्यांचं काय?

फर्नेस ऑइलसारख्या जड तेलात राख नगण्य, पण निकेल आणि व्हॅनेडियम असतात. व्हॅनेडियम स्वतः उत्प्रेरकाचं काम करून सल्फर डायऑक्साइडचा ट्रायऑक्साइड करतो. त्याचं गंधकाम्लाचं धुकं होतं, चिमणीच्या तोंडाशी निळसर दिसणारं. म्हणून तेलकेंद्रांच्या नोंदीत गंधकाम्ल आणि निकेल ही नावं वर असतात. उरणसारखी नुसता वायू जाळणारी केंद्रं अमेरिकेच्या या नियमात बसली नसती.

## मग सल्फर डायऑक्साइड त्या नोंदवहीत किती?

शून्य, कारण तो यादीतच नाही! नायट्रोजन ऑक्साइड, कार्बन डायऑक्साइड, साधी धूळ हेही नाहीत. त्यांचा हिशोब अमेरिकेत वेगळ्या कायद्याखाली ठेवतात. आम्लवर्षा रोखण्याच्या कार्यक्रमात १९९५ पासून मोठ्या कोळसा संचांचा सल्फर डायऑक्साइड चिमणीतच सतत मोजला जातो आणि ते आकडे खुले असतात. त्यामुळे 'नोंदवहीत या केंद्राचा आकडा लहान आहे, म्हणजे ते स्वच्छ आहे' हा निष्कर्ष चुकीचा.

आपल्या संचाचा अंदाज मात्र कुणालाही काढता येतो. कोळशात गंधक ०.४ टक्के धरा: ७,८०० टनांत ३१ टन गंधक. गंधक जळून सल्फर डायऑक्साइड झाला की वजन दुप्पट होतं. रोज ६२ टन. एफजीडी नसेल तर बहुतेक सगळा बाहेर. जुलैच्या अधिसूचनेतली चिमणीच्या उंचीची अट हे टन कमी करत नाही. ५०० मेगावॅट आणि वरच्या संचांना २७५ मीटरची चिमणी हवी, त्यानं धूर उंचावर सुटतो आणि लांबवर पातळ होऊन पडतो. जवळच्या वस्तीला ते खरंच बरं असतं. वाऱ्याच्या दिशेला लांब राहणाऱ्यांना त्यांचा वाटा मिळतोच.

## 'आकडे कंपनीच भरणार, त्यांना काय अर्थ?'

आक्षेप रास्त आहे. अमेरिकेतला नियमही केंद्राला या हिशोबासाठी नवी मोजणी करायला लावत नाही. हाताशी असलेली मोजणी, वस्तुमानाचा ताळेबंद, ठरलेले उत्सर्जन गुणक (एक टन कोळशामागे किती पदार्थ सुटतो याचे ठरावीक आकडे) किंवा अभियंत्याचा अंदाज, यातलं काहीही चालतं. मात्र कशावरून आकडा काढला ते संकेताक्षरानं लिहावं लागतं. चिमणीत प्रत्यक्ष मोजलेला पारा आणि गुणकानं गुणलेला पारा यांत मोठा फरक असू शकतो. गुणक बदलला की केंद्रात एक बोल्टही न हलवता आकडा अर्धा होऊ शकतो. म्हणून दोन वर्षांची तुलना करण्याआधी पद्धत तीच आहे का, ते पाहावं.

पण खोटं बोलणंही वाटतं तेवढं सोपं नसतं. किती युनिट वीज बनली हे केंद्रीय विद्युत प्राधिकरण केंद्रनिहाय प्रसिद्ध करतं. युनिटांवरून कोळसा, कोळशावरून राख, गंधक आणि धातू. आत जेवढं गेलं तेवढं कुठल्या ना कुठल्या रकान्यात निघालंच पाहिजे. २,७०० टन राख व्हायला हवी तिथे कुणी १,५०० दाखवली, तर एक तर कोळसा वेगळा आहे किंवा कागद वेगळा आहे. दोन्ही बाबतीत प्रश्न विचारता येतो.

## 'एवढे टन वाचून लोक उगाच घाबरतील'

काही घाबरतील, आणि त्याचं कारण आकडा वाचायची सवय नसणं हे आहे. बाहेर पडलेलं म्हणजे कुणाच्या शरीरात गेलेलं नव्हे. अस्तर घातलेल्या तळ्यात पडलेला २४० टन बेरियम आणि हवेत गेलेला १०० किलो पारा यांची बेरीज करण्यात अर्थ नाही. उलट इथे किलो जास्त चिंतेचे आहेत. पारा खाडीच्या गाळात उतरला की जिवाणू त्याचं मिथाइल पारा करतात आणि तो माशांच्या अंगात साठत जातो. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेनं म्हणूनच विषारीपणा, वारा आणि वस्ती यांचं वजन लावून पाहणारं वेगळं प्रारूप केलं आहे.

वार्षिक आकड्याची एक मर्यादाही मान्य करायला हवी. कोपरखैरणे, वाशी भागात रात्री उग्र वास आला तर तो कुणाचा, याचं उत्तर वर्षाच्या बेरजेत मिळणार नाही. त्याला त्या तासाचा वारा आणि त्या तासाची मोजणी लागते.

## 'आपल्याकडे ऑनलाइन मोजणी आहेच की'

आहे. अतिप्रदूषणकारी १७ उद्योगांना, ज्यात औष्णिक केंद्रं येतात, २०१४ पासून चिमणीवर सतत मोजणी करणारी यंत्रं लावायला सांगितलं गेलं. फेब्रुवारी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं असे आकडे लोकांना दिसतील असे ठेवण्यास सांगितलं. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळानं जून २०१७ मध्ये कारखान्यांना धुळीवरून एक ते पाच तारे देण्याची योजनाही आणली.

ही सगळी पावलं उपयोगाची आहेत, पण ती सांद्रतेची आहेत आणि दोन-तीन प्रदूषकांपुरतीच. आर्सेनिक, निकेल, हायड्रोक्लोरिक आम्ल त्यांत नाही. धूळमापक प्रत्यक्ष नमुन्याशी वेळोवेळी जुळवला नाही तर चुकीचा आकडा तितक्याच आत्मविश्वासानं दाखवत राहतो. आलेखात तासन्तास एकच आकडा सरळ रेषेत दिसला, तर चिमणी स्थिर आहे असं समजू नये. चालू संचात असं होत नाही.

## तर आपल्या हाती काय आहे?

वाटतं त्यापेक्षा बरंच. सगळ्यात दुर्लक्षित कागद म्हणजे नमुना ५, वार्षिक पर्यावरण विवरणपत्र. प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतीपत्र लागणाऱ्या उद्योगांनी ३१ मार्चला संपलेल्या वर्षाचं विवरणपत्र ३० सप्टेंबरपर्यंत मंडळाला द्यायचं असतं. त्याच्या भाग 'क' मध्ये प्रत्येक प्रदूषकाचं रोजचं वजन, सांद्रता आणि निकषापासूनचा फरक असे रकाने आहेत. रोजचं वजन! म्हणजे वर्षाचा जमाखर्च मांडायला लागणारा आकडा कागदावर आहे. भाग 'ब' मध्ये पाणी आणि कच्चा माल, 'ड' आणि 'इ' मध्ये घातक आणि घन कचरा. प्रत्यक्षात भाग 'क' मध्ये नुसतंच 'मर्यादेत' लिहिलेलं किंवा गेल्या वर्षीचे आकडे जसेच्या तसे उतरवलेले सापडू शकतात. तेच बघायचं असतं.

दुसरा कागद पर्यावरण मंजुरीचा सहामाही अहवाल. २००६ च्या अधिसूचनेनुसार तो १ जून आणि १ डिसेंबरला द्यायचा असतो आणि तो सार्वजनिक दस्तऐवज आहे. मंजुरीची पत्रं 'परिवेश' संकेतस्थळावर सापडतात. राखेबद्दल ३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेनं केंद्रांना दर महिन्याची निर्मिती आणि वापर पुढच्या महिन्याच्या ५ तारखेपर्यंत पोर्टलवर टाकायला सांगितलं आहे. शिवाय हवा कायद्याचं कलम ५१ फारसं कुणी वापरत नाही: दिलेल्या संमतीपत्रांची आणि त्यातल्या उत्सर्जन निकषांची नोंदवही मंडळानं ठेवायची आणि संबंधित किंवा बाधित व्यक्तीला कामकाजाच्या वेळेत ती बघू द्यायची. आणि रबाळे, तुर्भे, तळोजा एमआयडीसीत कारखान्याच्या फाटकाबाहेर रसायनं, सांडपाणी, धूर आणि घातक कचरा यांचे आकडे लिहिलेला जो फलक असतो, त्यामागे सर्वोच्च न्यायालयाचा ऑक्टोबर २००३ चा आदेश आहे. रंग उडालेला फलक ही सजावटीतली त्रुटी नाही.

जे मिळत नाही ते माहितीच्या अधिकारात मागायचं. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत हवा, शुल्क १० रुपये. 'प्रदूषण का होतं' असं विचारू नये, कारण स्पष्टीकरण देणं माहिती अधिकाऱ्यावर बंधनकारक नाही. कागद मागावा: अमुक उद्योगाचा नमुना ५, मागची तीन आर्थिक वर्षं, जोडपत्रांसह, चिमणीनिहाय नमुना तपासणीचे अहवाल, त्यात धुराचा प्रवाह घनमीटर प्रतितास आणि ऑक्सिजनची टक्केवारी. प्रवाहाचा आकडा मागायला विसरलात तर सांद्रता हातात येते, वजन काढता येत नाही. ३० दिवसांत उत्तर नाही किंवा अपुरं आलं, तर पुढच्या ३० दिवसांत प्रथम अपील, त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोग.

## 'हे आमचं व्यापारी गुपित आहे'

हे उत्तर येऊ शकतं. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(१)(ड) मध्ये व्यापारी गोपनीयतेची सवलत आहे, पण त्याच वाक्यात व्यापक जनहिताचा अपवादही आहे. अपिलात तो शब्दशः नमूद करावा. अमेरिकेच्या नोंदवहीतसुद्धा गुपिताचा दावा फक्त रसायनाच्या नावापुरता चालतो आणि तो कारणांसह सिद्ध करावा लागतो. किती सोडलं, ते झाकता येत नाही. वीज केंद्राच्या बाबतीत तर हा दावा फारच लंगडा. कोळसा जाळून राख होते, हे कुठल्या स्पर्धकापासून लपवायचं?

उत्तर आलं की आधी भाग 'क' मधलं रोजचं वजन त्या वर्षीच्या चालू दिवसांनी गुणा. मग प्रवाह आणि सांद्रता गुणून तोच आकडा स्वतंत्रपणे काढा. शेवटी युनिटांवरून कोळसा आणि कोळशावरून राख. तीन वाटांनी आलेले आकडे दहा-वीस टक्क्यांच्या फरकात जुळले तर कागद बरा आहे. दुपटीचा फरक निघाला तर पुढच्या अर्जाचा विषय तयार आहे, आणि १५० शब्दांत तो बसतो.